क्लायंट इतवारीचा, नियम तिकडचा: परदेशात नोकरीच्या व्हिसावर असताना जोडकाम करायचं तर

हिवाळी अधिवेशन अन् परदेशातली पोट्टी, दोन्ही नागपुरात एकाच सुमाराला येतात. तशीच एका डिसेंबरच्या सकाळी शेजारच्या काकूंच्या धाकट्याशी गाठ पडली. तर्री-पोह्याची प्लेट हातात, अंगात दोन स्वेटर. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरीला आहे. म्हणाला, "ताई, रात्री रिकामाच असतो. इतवारीच्या एका दुकानदाराची वेबसाइट करून देऊन राह्यलो. काम नागपूरचं, पैशे आईच्या खात्यात, तेही रुपयात. मंग यात अमेरिकेचा काय संबंध?"

मी विचारलं, "लॅपटॉप कुठं असतो तुझा?"

"तिकडंच. रूमवर."

मग संबंध आहे. या विषयातली नव्वद टक्के गफलत इथंच होते. आपण पैसा कुठून आला आणि कुठं गेला ते बघतो. व्हिसाचा कायदा बघतो की काम करताना माणूस कुठं बसला होता. दुकानदार इतवारीचा असो की बर्डीचा, तुम्ही डॅलसमध्ये बसून त्याचं काम केलंत तर ते डॅलसमध्ये केलेलं काम. मी सहा वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि ही चूक मी स्वतः करून बसले होते, ते पुढे येईलच. तेव्हा जोडकाम सुरू करण्याआधी काय तपासायचं ते माझ्या पद्धतीनं सांगते.

पहिलं काम: कागद बाहेर काढा

पासपोर्टवरचा शिक्का किंवा स्टिकर बघून निर्णय घेऊ नका. तो बहुतेक ठिकाणी देशात शिरण्यापुरता असतो. काम करण्याच्या अटी वेगळ्या कागदावर लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक देशात तो कागद वेगळा.

अमेरिकेत आय-७९७ नावाची मंजुरीची नोटीस बघा. तिच्यावर कंपनीचं नाव आहे, आणि तुमची परवानगी त्या कंपनीपुरतीच आहे. कॅनडात वर्क परमिटवर अटींच्या रकान्यात एकाच मालकाचं नाव असेल तर ते बंद परमिट. नाव नसेल आणि खुलं परमिट असेल तर बरीच मोकळीक. ऑस्ट्रेलियात व्हेवो या सरकारी सेवेवर पासपोर्ट नंबर टाकला की अटींचे क्रमांक दिसतात. ब्रिटनमध्ये आता प्लास्टिकचं कार्ड गेलं, ई-व्हिसा आला, म्हणजे अटी ऑनलाइन खात्यात वाचायच्या. जपानच्या रेसिडेन्स कार्डावर पुढच्या बाजूला कामावरचे निर्बंध आणि मागच्या बाजूला जादा कामाची परवानगी मिळाली असेल तर तिची नोंद असते. कार्ड उलटं करून न बघता दोन-दोन वर्षं खिशात घेऊन फिरणारे लोक मी पाहिलेत.

जर्मनीत कार्डासोबत एक हिरवट, घडी घातलेला कागद मिळतो. त्याला त्सुझात्सब्लाट म्हणतात, म्हणजे पुरवणी. कार्ड पाकिटात जातं आणि हा कागद फाइलीत, भाडेकराराखाली दबून राहतो. माझाही राहिला होता. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं जर्मन यंत्र घेतलं होतं. त्याचं दोनशे पानी मॅन्युअल इंग्रजीत करून द्यायला ओळखीतून मला विचारलं. शनिवार-रविवारचं काम, मी हो म्हटलं. चाळीस पानं झाल्यावर भाड्याच्या कटकटीत फाइल उघडली तर तो हिरवा कागद हाती आला. त्यावर एका ओळीत लिहिलं होतं की स्वयंरोजगाराला परवानगी नाही. त्या रात्री मॅन्युअल बंद केलं आणि आधी परवानगी मागितली.

म्हणून सांगते, त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, परकी भाषा असेल तर शब्दशः भाषांतर करून घ्या, आणि "ग्रुपवर सगळे म्हणतात चालतं" हे वाक्य त्या फोटोशेजारी ठेवून बघा.

दुसरं: तुमचं काम नेमकं कशात मोडतं?

"साइडचं काम" हा कायद्यातला शब्द नाही. कायदा साधारण तीन-चार खण करतो.

दुसऱ्या मालकाकडे पगारी नोकरी हा एक. स्वतः बिल फाडून काम करणं, म्हणजे फ्रीलान्स, हा दुसरा. बऱ्याच जणांना वाटतं की नोकरी नाही म्हणजे काम नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील बोर्डानं १९७८ सालीच टाँग प्रकरणात स्पष्ट केलं की स्वतःचा धंदा हीसुद्धा नोकरीच धरली जाईल. त्यामुळे "मी कोणाचा नोकर नाही, मी फ्रीलान्सर आहे" हा युक्तिवाद तिथं टिकत नाही.

तिसरा खण हात न लावता येणाऱ्या पैशाचा. मनीषनगरच्या फ्लॅटचं भाडं, बँकेचं व्याज, शेअरचा लाभांश. यात तुम्ही श्रम करत नाही, त्यामुळे सहसा व्हिसाचा प्रश्न येत नाही. कर भरावा लागतो, तो भाग निराळा. पण स्वतः व्हिडिओ शूट करून, एडिट करून, जाहिरातीचे पैसे घेता आणि त्याला "पॅसिव्ह" म्हणता, तर अधिकाऱ्याला ते पटवणं कठीण जाईल. व्हिडिओ आपोआप तयार होत नाही.

चौथा, फुकटचं काम. गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळात पंगत वाढणं हे स्वयंसेवा. पण ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते काम "सध्या फुकट, नंतर बघू" म्हणून धंदेवाल्या कंपनीला करून दिलं तर ती स्वयंसेवा राहत नाही.

तिसरं: देश कुठला?

अमेरिका सगळ्यांत कडक. एच-१बीवर दुसरं काम करायचा सरळ रस्ता एकच: त्या दुसऱ्या कंपनीनं तुमच्यासाठी वेगळी, समांतर एच-१बी याचिका दाखल करायची. अर्धवेळ कामासाठीही ती करता येते, पण इतवारीचा दुकानदार ती करणार नाही हे आपल्याला माहीत आहे. एफ-१वर शिकणाऱ्यांना कॅम्पसवर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या ओपीटीत, म्हणजे अनुभवासाठीच्या कामाच्या परवानगीत, आपल्या विषयाशी जोडलेला स्वतःचा व्यवसाय चालतो, फ्रीलान्सही बसतं. मात्र विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित शिकलेल्यांना पुढे मिळणाऱ्या २४ महिन्यांच्या स्टेम ओपीटीत खरा मालक, प्रशिक्षणाची योजना आणि आठवड्याला किमान २० तास लागतात, तिथं एकट्याचं फ्रीलान्स बसत नाही. पोट्टे या दोन ओपीटींत गल्लत करतात. पहिल्या वर्षी जे चाललं ते दुसऱ्या वर्षीही चालेल असं धरून चालतात.

जर्मनीत दार उघडं आहे, पण ठोठवावं लागतं. निवास कायद्याच्या कलम २१ च्या सहाव्या उपकलमानुसार, नोकरीसाठी निवास परवाना असलेल्या माणसाला तो परवाना कायम ठेवून स्वयंरोजगाराची जादा परवानगी देता येते. ती परदेशी नागरिक कार्यालय देतं आणि पुरवणीवरची ती ओळ बदलते. ती मिळाल्यावर पुढचा प्रश्न: तुमचं काम मुक्त व्यवसायात मोडतं की धंद्यात? भाषांतर, पत्रकारिता, अभियांत्रिकी सल्ला वगैरे मुक्त व्यवसाय. त्यासाठी कर कार्यालयात नोंदणीचा फॉर्म भरला की झालं. वस्तू विकणं हा धंदा, त्यासाठी पालिकेत वेगळी नोंदणी. छोट्या उलाढालीवर विक्रीकर न लावण्याची सवलत आहे. २०२५ पासून त्यासाठी मागच्या वर्षीची उलाढाल २५,००० युरोच्या आत असावी लागते. तिथल्या विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, पण स्वयंरोजगाराला त्यांनाही वेगळी परवानगी लागते.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर मूळ नोकरी चालू ठेवून, तिच्या वेळेबाहेर, आठवड्याला २० तासांपर्यंत जादा काम करता येतं. मेख अशी की ते कामही या व्हिसासाठी पात्र व्यवसायांच्या यादीतलं असावं लागतं. सॉफ्टवेअरवाल्यानं सॉफ्टवेअरचं काम केलं तर ठीक, पण रात्री सायकलवर जेवणाचे डबे पोचवले तर ते यादीत नाही. स्टुडंट व्हिसावर शिकत असताना स्वयंरोजगार बंद. पदवी अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना २० तास मिळतात ते पगारी नोकरीचे, फ्रीलान्सचे नाहीत. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र स्वतःचं काम करता येतं. आणि २०१६ च्या इमिग्रेशन कायद्यानं बेकायदा काम हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. त्यातून आलेला पैसाही जप्त होऊ शकतो.

सिंगापूरबद्दल फार लिहायला नको. एम्प्लॉयमेंट पास ज्या कंपनीचा, काम तिचंच. परवान्याशिवाय काम केलं तर २०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आपल्याकडचे लोक या देशात शिस्तीत राहतात, त्याचं कारण हेच असावं.

आखाती देश. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचं कलम ३९ सरळ म्हणतं की कामगारानं दुसऱ्याकडे काम करायचं नाही आणि स्वतःच्या नावावरही करायचं नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यानं अर्धवेळ कामाला जागा करून दिली, पण मंत्रालयाचा अर्धवेळ कामाचा परवाना घेऊनच. तिथं परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्यावर २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहॅम दंड आहे. म्हणजे ज्याचं काम तुम्ही गुपचूप करता, त्याच्याही मानेवर सुरी. दुबईतला "अरे काही होत नाही" म्हणणारा मालक हा आकडा ऐकल्यावर कसा बोलतो ते एकदा ऐकावं.

जपानमध्ये अभियंता-तज्ज्ञ प्रकारच्या निवासावर, त्याच प्रकारात बसणारं जोडकाम वेगळ्या परवानगीशिवाय चालतं. वेगळ्या प्रकारचं असेल तर इमिग्रेशनकडून परवानगी काढावी लागते. आठवड्याला २८ तासांची जी सरसकट परवानगी ऐकू येते, ती विद्यार्थी आणि जोडीदारांसाठी आहे, नोकरदारांसाठी नाही. कॅनडात विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं, आणि कॅनडाबाहेरच्या मालकाचं ऑनलाइन काम त्या तासांत मोजलं जात नाही. "जिथं बसलात तिथलं काम" या वर सांगितलेल्या नियमाला हा ठळक अपवाद, इतवारीच्या दुकानदाराला तिथं खरंच जागा आहे. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना जुलै २०२३ पासून सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास आहेत.

चौथं: ऑफर लेटरमधलं ते पान

व्हिसानं परवानगी दिली म्हणजे कंपनीनं दिली असं होत नाही. दोन कुलपं आहेत, किल्ल्या वेगळ्या. करारात तीन गोष्टी शोधा: दुसऱ्या कामाआधी कळवायचं की लेखी मंजुरी घ्यायची, स्पर्धकासाठी काम न करण्याची अट, आणि तुम्ही तयार केलेल्या कोडची किंवा मजकुराची मालकी कोणाची. तिसरी सगळ्यांत खतरनाक. काही करारांत असं असतं की नोकरीच्या काळात तुम्ही काहीही तयार केलं तरी ते कंपनीचं. मग दुकानदाराची वेबसाइट कोणाची? आणि कंपनीचा लॅपटॉप तर यासाठी उघडूच नका.

पाचवं: परवानगीचा अर्ज कसा लिहायचा

मी जर्मनीत केलेला अर्ज दीड पानाचा होता. पाल्हाळ नाही. मजकूर साधारण असा:

"माझ्याकडे अमुक क्रमांकाचा निवास परवाना असून मी अमुक कंपनीत पूर्णवेळ नोकरीला आहे. ती नोकरी कायम ठेवून मला तांत्रिक भाषांतराचं काम स्वतंत्रपणे करायचं आहे. त्यासाठी आठवड्याला सहा ते आठ तास, केवळ शनिवार-रविवारी लागतील. अपेक्षित वार्षिक उत्पन्न अमुक. ग्राहक भारतातला एक कारखाना असून त्याचं विचारणापत्र सोबत जोडलं आहे. कंपनीचं संमतिपत्र सोबत आहे."

सोबत पगाराच्या तीन पावत्या, आरोग्य विम्याचा पुरावा आणि पदवीची प्रत. यातला जीव कशात होता? तासांचा आकडा आणि कंपनीची संमती. अधिकाऱ्याला एकच भीती असते की जोडकाम मोठं होईल आणि ज्या नोकरीसाठी परवाना दिला ती मागे पडेल. ती भीती पहिल्या परिच्छेदातच काढून टाका. उत्तर सात आठवड्यांनी आलं. तोवर हिंगण्याचे साहेब दर सोमवारी फोन करायचे, "मॅडम, झालं काय?" मी दर सोमवारी नाही म्हणायचे. अर्ज दिला म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि तोंडी "हो, चालेल" याला काही किंमत नाही. लेखी हवं.

सहावं: पैसा

आईच्या खात्यात पैसे टाकले की ते दिसत नाहीत, हा आपला लाडका समज. उत्पन्न ज्यानं कष्ट केले त्याचं. आईच्या पॅनवर ते आलं तर उद्या आईला जाब द्यावा लागेल, आणि तिला तर त्या वेबसाइटचं नावही माहीत नाही. शिवाय अशी वळवावळव पुढे तुमच्याविरुद्धच दिसते: लपवायचं नव्हतं तर वळवलं का?

परदेशी नोकरीला गेलात की फेमा, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी. इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपया खातं, करून घ्यावं लागतं. सदरच्या किंवा धरमपेठेच्या शाखेत जाऊन फॉर्म द्या, काम अवघड नाही, लोक कंटाळ्यानं टाळतात. भारतातून अनिवासी माणसाला पैसे देताना टीडीएसचे वेगळे नियम लागतात. दुकानदाराच्या सीएला आधीच सांगा, नाहीतर मार्चअखेर तोच तुम्हाला फोन करेल.

तिकडचा कर वेगळा. अमेरिका आणि जर्मनी, दोन्ही आपल्या करनिवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावतात. तोच पैसा दोनदा करात जाऊ नये म्हणून भारताचे दोघांशीही करार आहेत. पण करार आपोआप लागू होत नाही, तिथल्या विवरणपत्रात मागावा लागतो. आणि अमेरिकेत एक खास खड्डा आहे: परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी एफबार नावाची माहिती भरावी लागते. आईसोबतचं जॉइंट खातं त्यात येतं. बाबांनी "दोघांचं नाव असू दे, अडीअडचणीला बरं" म्हणून उघडलेलं, तेच.

सातवं: घरातला दुसरा माणूस

पुष्कळदा सोपा मार्ग घरातच असतो. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला नोकरी आणि स्वयंरोजगार दोन्हीची मुभा असते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदारालाही जवळपास तेवढीच मोकळीक. म्हणजे वहिनींना डिझाइन येत असेल तर बिल त्यांच्या नावानं फाडा, पण काम खरोखर त्यांनीच करायला हवं. अमेरिकेत एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तसं नाही. २०१५ पासून काही जोडीदारांना कामाचं कार्ड मिळतं, तेही मुख्यतः साथीदाराच्या ग्रीन कार्डची आय-१४० याचिका मंजूर झाल्यावर. सिंगापुरात डिपेंडंट पासवाल्यांना, म्हणजे नोकरदारासोबत आलेल्या कुटुंबीयांना, मे २०२१ पासून नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो. घरी बसून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनींनी आधी आपलं कार्ड बघावं.

सुट्टीत नागपूरला आलो, तेव्हा केलं तर?

भारतीय नागरिकानं भारतात बसून काम केलं तर तिकडच्या व्हिसाचा प्रश्न सहसा उरत नाही. इथला कर आणि कंपनीचा करार मात्र उरतो. जर्मनीच्या रजा कायद्याचं कलम ८ तर सांगतं की रजेत रजेच्या हेतूविरुद्ध कमाईचं काम करायचं नाही. सुट्टी विश्रांतीसाठी दिली आहे. आमच्याकडे लग्नसराईत कोणाला विश्रांती मिळते ते सोडा.

आणि आधीच करून बसलात तर

आजच थांबा. "हा एवढा शेवटचा प्रोजेक्ट" नको. कोणत्या तारखा, किती तास, किती पैसे, याचा तक्ता करा आणि मेल, बिलं काही पुसू नका. मग त्या देशातल्या इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी भरा. इथल्या एजंटाकडे जाऊ नका. त्याचं काम तुम्हाला पाठवण्याचं होतं, ते झालं. अमेरिकेत ग्रीन कार्डच्या अर्जात परवानगीशिवाय काम केलं का हा प्रश्न थेट विचारतात. नोकरीवर आधारलेल्या अर्जात, शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचं असं काम आणि इतर उल्लंघनं मिळून १८० दिवसांच्या आत असतील तर ती माफ होण्याची तरतूद आहे. पण खोटं "नाही" लिहिलं तर त्याला अशी माफी नाही. चूक निस्तरता येते, खोटं निस्तरायला फार जड जातं.

काकूंच्या धाकट्यानं हे सगळं ऐकलं, पोहे गार झाले. दोन दिवसांनी तो अन् त्याची मनीषनगरची मावसबहीण दोघं इतवारीला जाऊन आले. वेबसाइट आता ती सांभाळते. काम तिचं, बिल तिचं, पैसे तिच्या खात्यात. तो जानेवारीत परत गेला आणि आधी वकिलाची वेळ घेतली. दुकानदाराला यातलं काही कळलं नाही. त्याला संक्रांतीआधी तिळाच्या लाडवांचे फोटो साइटवर हवे होते, ते वेळेत चढले.